हिमशैवालावरची नोंद: मसुद्यात काय ठेवावं, काय काढावं, काय नव्यानं लिहावं

प्रश्न थोडक्यात: फोंड्याला वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकांनी खुल्या मराठी ज्ञानकोशासाठी हिमशैवालावर नोंद लिहिली. ‘निबंधासारखी वाटते, आधार अपुरे’ असा शेरा मारून ती परत आली. मसुदा पाठवून त्यांनी विचारलंय की नेमकं काय आणि कुठून सुधारू? मी गोव्यात राहून शैवालांवरच काम करत आलो आहे, ध्रुवीय नमुनेही हाताळले आहेत आणि ज्ञानकोशांच्या नोंदी तपासायचं कामही करतो. म्हणून सविस्तर लिहितो.

उत्तर:

मॅडम, मसुदा सबंध वाचला. शेरा तुम्हाला लागला असणार, पण मसुदा टाकून देण्यासारखा मुळीच नाही. नोंदीला लागणारी बरीचशी माहिती त्यात आहे, फक्त ती एकमेकांत मिसळली आहे. रंगीत बर्फ दिसला की ते हिमशैवाल, हिमशैवाल म्हटलं की क्लॅमिडोमोनास निव्हॅलिस, आणि एका ठिकाणी मोजलेला आकडा म्हणजे साऱ्या जगाचा आकडा, असं सुरुवातीपासून शेवटपर्यंत झालंय. ‘निबंधासारखी’ हा शेरा तुमच्या भाषेमुळे आलेला नाही, या सरमिसळीमुळे आलाय. कोणती जात, कुठली जागा, कोणता ऋतू हे वेगळं करत गेलात की नोंद आपोआप उभी राहील.

पहिल्या वाक्यापासून सुरुवात करू. तुमचं वाक्य असं आहे: ‘निसर्गाच्या अद्भुत किमयांपैकी एक म्हणजे शास्त्रज्ञांनाही कोड्यात टाकणारा, उणे तापमानात फुलणारा रक्तासारखा लाल बर्फ.’ हे वर्गात बोलायला छान आहे. नोंद उघडणाऱ्याला मात्र आधी ‘हे आहे काय?’ एवढंच हवं असतं. मी असं लिहीन:

‘हिमशैवाल म्हणजे वितळत्या हिमात वाढणारी सूक्ष्म, बहुतांशी एकपेशीय हिरवी शैवाले. ध्रुवीय प्रदेशांत व उंच पर्वतांवर वसंत आणि उन्हाळ्यात ती मोठ्या संख्येने वाढली की हिमाला लाल, गुलाबी, नारंगी किंवा हिरवा रंग येतो. यांतील बहुतेक जाती क्लॅमिडोमोनॅडेलीझ या गणात मोडतात.’

यात ‘वितळत्या’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तुमच्या वाक्यात नेमकं त्याच्या उलट लिहिलंय. कडक थंडीत, कोरड्या हिमात या शैवालांची वाढ होत नाही. हिमकणांच्या मधल्या फटींत वितळलेलं पाणी लागतं, त्याचं तापमान शून्य अंशाच्या आसपास असतं, आणि त्या पाण्याच्या पातळ थरातच त्यांचं सगळं आयुष्य चालतं. कित्येक जातींना 10 अंश सेल्सिअसच्या खालचंच तापमान मानवतं, त्याहून उबेत त्यांची वाढ खुंटते. म्हणजे ती शीतप्रेमी खरी, पण पाणी गोठलेलं असताना नुसती तग धरून राहतात. ही एक गोष्ट पहिल्या परिच्छेदात पक्की बसली तर पुढचं जीवनचक्र वाचकाला पटकन कळेल.

आता हिम आणि बर्फ वेगळे करू. मसुद्यात ग्रीनलंडच्या काळपट पडलेल्या बर्फाचा परिच्छेद लाल हिमाच्या परिच्छेदाला चिकटून आला आहे आणि वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटतं. ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य भागातला तो गडद पट्टा हिमनदीच्या उघड्या, कठीण बर्फावरच्या शैवालांमुळे गडद होतो. त्यांतलं मुख्य नाव अँसिलोनेमा. ती शैवाले वेगळ्या शाखेतली आहेत, जमिनीवरच्या झाडांच्या पूर्वजांना जास्त जवळची. त्यांना पोहायला कशाभिका (चाबकासारखे बारीक धागे) नसतात, त्यांची लाल सुप्त पुटी (जाड कवचाची, निद्रिस्त पेशी) बनत नाही, आणि त्यांचा तपकिरी-जांभळट रंग परप्युरोगॅलिन नावाच्या फिनॉलवर्गीय द्रव्यामुळे येतो. लाल हिमाचा रंग कॅरोटिनॉइडचा. म्हणजे वस्तीची जागा वेगळी, कूळ वेगळं, रंगद्रव्यही वेगळं. नोंदीत यांच्यासाठी दोन-तीन वाक्यं पुरेत. ‘हिमनदीवरील शैवाले’ अशी वेगळी नोंद पुढे कुणी लिहील, तिथे तो परिच्छेद जाईल.

नावाच्या बाबतीत थोडं थांबावं लागेल, कारण तपासनीस इथेच अडतात. तुम्ही लाल हिमाचं कारण म्हणून सगळीकडे क्लॅमिडोमोनास निव्हॅलिस लिहिलंय. कित्येक दशकं सगळ्यांनी तसंच लिहिलं, त्यामुळे जुनी पुस्तकं पाहिलीत तर तेच सापडणार. अडचण अशी की प्रत्यक्ष हिमावरून आणलेली लाल गोल पुटी सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेक सारखीच दिसते आणि नुसत्या दिसण्यावरून तिला हे नाव दिलं जायचं. डीएनए तपासल्यावर कळलं की हे क्लॅमिडोमोनास वंशात बसत नाही. 2019 साली त्यासाठी सँग्विना हा नवा वंश मांडला गेला: लाल हिम करणारी सँग्विना निव्हॅलॉइड्स आणि नारंगी हिम करणारी सँग्विना ऑरँशिया. यांखेरीज क्लोरोमोनास आणि क्लेनोमोनास या वंशांतल्या जातीही हिम रंगवतात.

म्हणून नोंदीत असं करा. वर्गीकरणाच्या भागात आजचं नाव द्या आणि जुनं नाव कुठून आलं ते एका वाक्यात सांगा. जुन्या अभ्यासाचा दाखला देताना मात्र मूळ लेखकाने जे नाव वापरलंय तेच ठेवा, ‘क्लॅमिडोमोनास निव्हॅलिस या नावाने नोंदवलेले’ असं लिहून. जुन्या कामावर आपण परस्पर नवं नाव चिकटवायचं नाही, कारण त्या नमुन्यात नेमकी कोणती जात होती हे आज सांगता येत नाही.

याच्याशी जोडलेली आणखी एक बाब आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. शैवालसंग्रहांतून क्लॅमिडोमोनास निव्हॅलिस या नावाने जी जिवंत वाणं मिळतात, ती प्रत्यक्ष लाल हिमातल्या पुटींशी जुळत नाहीत. तुमच्या मसुद्यात वाढीचा वेग आणि मेदाम्लं यांवर जो परिच्छेद आहे तो प्रयोगशाळेतल्या अशाच वाणावर बेतलेला आहे. ते काम चांगलं आहे, पण ते लाल हिमाबद्दल काही सांगत नाही. तो परिच्छेद काढून टाका. शक्य असेल तिथे हिमावरून थेट आणलेल्या नमुन्यांवरचं काम घ्या.

आता जीवनचक्र. तुम्ही याला चार ओळी दिल्या आहेत आणि लाल हिमाच्या सौंदर्याला दीड पान. हे उलटं करा, नोंदीचा कणा इथे आहे.

वसंतात हिम वितळू लागलं, पाणी खाली झिरपू लागलं की सुप्त पेशी जाग्या होतात. त्यांतून दोन कशाभिका असलेल्या हिरव्या पेशी बाहेर पडतात आणि हिमकणांमधल्या पाण्यातून पोहत पृष्ठभागाकडे, उजेडाच्या दिशेने येतात. वर उजेड भरपूर, पण पोषकद्रव्यं थोडी. काही काळ विभाजन होतं, मग उजेडाचा मारा आणि विशेषतः नायट्रोजनची चणचण वाढली की पेशी कशाभिका टाकते, जाड कवच घेते आणि पुटी बनते. या अवस्थेत तिच्यात अ‍ॅस्टॅझँथिन हे लाल कॅरोटिनॉइड साठू लागतं आणि हिम लाल होतं. हिम संपलं की पुटी मातीत, खडकावर किंवा बर्फावर उरतात आणि पुढच्या हिवाळ्याच्या हिमाखाली गाडल्या जातात.

हे लिहिताना एक सावधगिरी हवी. या चक्रातले पोहणाऱ्या पेशींचे तपशील प्रामुख्याने क्लोरोमोनाससारख्या वंशांवरून माहीत झाले आहेत. सँग्विना प्रयोगशाळेत वाढवणं फार अवघड आहे आणि हिमावर ती सापडते ती बहुतेक पुटीच्याच रूपात. त्यामुळे ‘हिमशैवालाचे जीवनचक्र’ म्हणून एकच वर्तुळ काढून त्याखाली सँग्विनाचं नाव घालू नका. आकृतीखाली ज्या वंशावरून ती काढली तोच लिहा.

पुटी दिसते कशी, हे तुम्ही कुठल्यातरी इंग्रजी लेखावरून घेतलेलं दिसतं, म्हणून नजरेसमोर येईल असं सांगतो. लाल हिम वितळवून बाटलीत ठेवलं तर थोड्या वेळात वरचं पाणी नितळ होतं आणि तळाशी विटकरी रंगाचा बारीक गाळ बसतो. त्यातला थेंब काचपट्टीवर घेतला की गोल, जाड भिंतीचे, गडद लाल मणी दिसतात, साधारण 10 ते 30 मायक्रोमीटर व्यासाचे. हिरवं काहीच दिसत नाही आणि विद्यार्थी विचारतात, हे शैवाल कसं? मग वरच्या काचेवर सुईच्या टोकाने हलका दाब द्यायचा. कवच फुटतं, लाल तेलाचे थेंब बाहेर ओघळतात आणि मधला हिरवा हरितलवक उघडा पडतो. रंगद्रव्य कुठे असतं आणि का असतं, दोन्हींचं उत्तर त्या एका दृश्यात आहे: अ‍ॅस्टॅझँथिन हरितलवकाच्या आत नसतं, ते त्याच्याभोवती पेशीद्रवातल्या मेदथेंबांत विरघळलेलं असतं आणि जास्तीचा निळा-हिरवा प्रकाश वरच्यावर अडवतं. नोंदीत हे दोन वाक्यांत मांडा. आपल्याकडे सुंगटं (कोळंबी) शिजल्यावर लाल होतात तेही याच द्रव्यामुळे. मराठी वाचकासाठी ते वाक्य एकदा यायला माझी काहीच हरकत नाही.

अडवलेल्या प्रकाशाची उष्णता होते आणि भोवतालचं हिम वितळतं. त्यातून पेशीला हवं असलेलं पाणी मिळतं. इथून आपण आकड्यांकडे येतो आणि मसुद्यातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य इथेच आहे: ‘हिमशैवालामुळे पृथ्वीवरील बर्फ 13 टक्के अधिक वेगाने वितळत आहे.’

असं कुणीही दाखवलेलं नाही. तुम्ही ज्या अभ्यासाचा आधार घेतलाय तो 2016 सालचा, आर्क्टिकमधला. त्यात म्हटलंय ते एवढंच की लाल शैवालाच्या बहरामुळे एका वितळहंगामात हिमाची प्रकाश परावर्तित करण्याची क्षमता 13 टक्क्यांपर्यंत घटू शकते. परावर्तन घटणं आणि वितळण्याचा वेग वाढणं यांचा संबंध आहे, पण तो एकास एक नाही. शिवाय आर्क्टिकमधली काही ठिकाणं म्हणजे पृथ्वी नव्हे. तुमच्या एका वाक्यात मोजलेली गोष्टही बदलली आणि जागाही बदलली.

वितळण्याबद्दलच सांगायचं असेल तर 2017 सालचं अलास्कातल्या हार्डिंग हिमक्षेत्रावरचं काम घ्या. तिथे संशोधकांनी हिमावर ठरावीक चौकोन आखून काहींत खत घातलं, काहींत पाणी, काहींत ब्लीच टाकून शैवाल मारलं, आणि फरक पाहिला. उपग्रहचित्रांची जोड देऊन त्यांनी हिशेब मांडला की त्या हिमक्षेत्राच्या शैवाल पसरलेल्या भागात एकूण हिमवितळणीपैकी सुमारे 17 टक्के वाटा या सूक्ष्मजीवांचा होता. हा आकडा वजनदार आहे कारण त्यामागे प्रत्यक्ष प्रयोग आहे. तरी तोही त्या हिमक्षेत्राचाच. नोंदीत ‘अलास्कातील हार्डिंग हिमक्षेत्रात’ हे शब्द आकड्याच्या आधी यायला हवेत, तळटीपेत नव्हे.

अंटार्क्टिकाचा तुमचा आकडा बरोबर आहे, पण तो अर्धीच गोष्ट सांगतो. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उपग्रहाच्या मदतीने अंटार्क्टिक द्वीपकल्पावरचे 1679 बहर मोजले, एकूण क्षेत्रफळ 1.95 चौरस किलोमीटर. हे सगळे हिरवे बहर आहेत. लाल आणि नारंगी त्यात धरलेलेच नाहीत. तुम्ही तो आकडा लाल हिमाच्या छायाचित्राखाली घातलाय, तो तिथून हलवा. त्याच अभ्यासात एक सुंदर निरीक्षण आहे आणि ते मसुद्यात नाही: यांपैकी 60 टक्क्यांहून जास्त बहर पेंग्विनांच्या वसाहतींपासून 5 किलोमीटरच्या आत होते. पक्ष्यांची विष्ठा हे तिथलं खत. जीवनचक्रात जी नायट्रोजनची चणचण सांगितली तिचाच हा दुसरा पुरावा आहे, म्हणून तो परिसंस्थेच्या भागात घ्या. हिमशैवालावर कोण जगतं तेही तिथेच येईल: जिवाणू, कायट्रिड बुरशी, रोटिफर, टार्डिग्रेड, स्प्रिंगटेल असे चिमुकले प्राणी आणि वायव्य उत्तर अमेरिकेतल्या हिमनद्यांवरचे हिमकृमी. ‘हा बर्फ खाल्ल्यास पोट बिघडते’ हे वाक्य ऐकीव आहे, काढून टाका.

इतिहास तुम्ही चांगला लिहिलाय, फक्त लांबला आहे. अ‍ॅरिस्टॉटलचा उल्लेख एका ओळीत पुरे. स्विस निसर्गअभ्यासक सोस्यूर यांनी अठराव्या शतकात आल्प्समध्ये लाल हिम पाहिलं आणि त्यांना ते परागकण वाटले, हे ठेवा. खरा प्रसंग 1818 सालचा. ब्रिटिश नौदलातले जॉन रॉस यांची जहाजं वायव्य ग्रीनलंडच्या केप यॉर्कजवळून जात होती, तेव्हा किनाऱ्याच्या कड्यांवर लाल हिम दिसलं. नमुने इंग्लंडला गेले. कुणाला ते उल्केतलं लोखंड वाटलं, फ्रान्सिस बाउअर यांना बुरशी वाटली आणि त्यांनी युरेडो निव्हॅलिस असं नाव दिलं, तर वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांचा कल शैवालाकडे होता. पुढे 1903 साली विले यांनी ते क्लॅमिडोमोनास वंशात नेलं. एवढ्या दहा ओळींत सगळं येतं, आणि वर्गीकरणाच्या भागातला नावाचा प्रवास इथल्याशी नीट जुळतो. जहाजांची वर्णनं, वर्तमानपत्रांतले मथळे हे सगळं गाळा.

भारताचा भाग तुम्ही मोठ्या प्रेमाने लिहिलाय. आपल्या मुरगाव बंदरातून भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर 1981 मध्ये निघाली, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र वास्कोच्या हेडलँड सड्यावर आहे, याचा अभिमान मलाही आहे. पण त्या मोहिमेचा इतिहास या नोंदीत बसत नाही, तो अंटार्क्टिक मोहिमांच्या नोंदीत जाईल. आणि ‘मैत्री तळाभोवती पसरलेले हिरवे हिम’ हे वाक्य चुकीचं आहे. वर सांगितलेले बहर अंटार्क्टिक द्वीपकल्पावरचे. मैत्री हा भारताचा तळ शिर्माकर ओअ‍ॅसिस या हिममुक्त खडकाळ भागात आहे, खंडाच्या दुसऱ्या अंगाला. तिथे अभ्यास होतो तो मुख्यतः सरोवरांतल्या सायनोबॅक्टेरियांच्या थरांचा. तो विषयही मोठा आहे, पण निराळा.

त्याऐवजी हिमालय घ्या. मसुद्यात हिमालयावर एकच ओळ आहे, हे मला खरंच खटकलं, कारण मराठी वाचकाला सगळ्यात जवळचं हिम तेच. नेपाळमधल्या लांगतांग खोऱ्यातल्या याला हिमनदीवर जपानी संशोधकांनी 1980 आणि 1990 च्या दशकांत जे काम केलं ते या विषयातलं मूलभूत काम मानलं जातं. 1984 साली तिथे हिमनदीवरच आयुष्य काढणारी, शैवाल आणि जिवाणूंवर जगणारी एक छोटी माशी नोंदवली गेली. 1997 सालच्या अभ्यासात सुमारे 5100 ते 5700 मीटर उंचीच्या पट्ट्यात वर जाल तसं शैवालाचं प्रमाण घटतं आणि जातींचं मिश्रण बदलतं, हे दाखवलं. यातलं ऋतूचं गणित आपल्या माणसाला लगेच समजण्यासारखं आहे: तिथे हिम मुख्यतः पावसाळ्यात पडतं, म्हणजे वितळण्याचा हंगाम आणि नव्या हिमाचा हंगाम एकच. वर जाल तसं नवं हिम शैवालाला वारंवार झाकतं आणि वाढीला वेळ कमी मिळतो. अशा गाडल्या गेलेल्या शैवालथरांवरून हिमगाभ्यातली (हिमनदीत खोल भोक पाडून काढलेल्या बर्फाच्या दांड्यातली) वर्षं मोजता येतात, हेही याच हिमनदीवर दाखवलं गेलंय. हे सगळं लिहिताना ‘नेपाळमधील’ हा शब्द गाळू नका. भारतापुरतं एक वाक्य: लाहौल-स्पितीत 2016 पासून ‘हिमांश’ हे संशोधन केंद्र आहे. त्यापुढे त्याच्या नावावर हिमशैवालाबद्दल काही लिहायचं असेल तर प्रसिद्ध शोधनिबंध हातात असला तरच लिहा.

मिठागरांचा परिच्छेद. पावसाआधी आगरवाड्याच्या मिठागरांत पाणी गुलाबी होतं, तेही ‘असेच लाल शैवाल’ आहे, असं तुम्ही लिहिलंय. मिठागरातल्या शैवालाचं नाव दुनालिएला सलायना. ते हिमशैवालाच्याच गणातलं आहे हे खरं, आणि ताण वाढला की तेही लालसर होतं. पण त्याचं द्रव्य बीटा-कॅरोटिन, आणि मिठागराच्या गुलाबी रंगात मीठप्रेमी आर्किआंचा (जिवाणूंसारख्या दिसणाऱ्या, पण वेगळ्या सूक्ष्मजीवांचा) वाटाही मोठा असतो. जुन्या चिऱ्याच्या भिंतींवर आणि माडांच्या खोडांवर जो नारंगी थर दिसतो तो तर ट्रेन्टेपोलियाचा, तो गणाने बराच लांबचा. परिच्छेद नोंदीतून काढा, ‘हेही पहा’मध्ये दुनालिएलाच्या नोंदीचा दुवा द्या. वर्गात मात्र हे तिन्ही नमुने शेजारी शेजारी ठेवून जरूर दाखवा. गोव्यातल्या मुलांना हिम मिळणार नाही, मिठागर आणि भिंत मिळेल.

आधारांबद्दल: तुमचे अर्धे दुवे बातम्यांचे आहेत. बातमी छायाचित्राच्या तारखेपुरती ठीक. आकडा आणि नाव यांसाठी मूळ निबंध उघडा. वर सांगितलेल्यांपैकी 2016 आणि 2020 चे निबंध सर्वांना मोफत वाचता येतात. बाकीच्यांसाठी दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेतल्या किंवा सड्यावरच्या ध्रुवीय केंद्रातल्या ओळखीच्या कुणाला विचारा, लोक आनंदाने मदत करतात. छायाचित्रं खुल्या परवान्याचीच घ्या आणि प्रत्येकाखाली ठिकाण व महिना लिहा. जीवनचक्राची आकृती तुम्ही स्वतः काढा, तुमचा हात चांगला आहे हे मसुद्यातल्या पेशीच्या चित्रावरून दिसतंच.

शीर्षक ‘हिमशैवाल’ हेच ठेवा, आणि ‘लाल बर्फ’, ‘तांबडे हिम’ शोधणारा इथेच पोचेल अशी पुनर्निर्देशनं करा. सगळं एकदम लिहायला बसू नका. आधी फक्त जीवनचक्राचा भाग लिहून पाठवा, आणि प्रत्येक वाक्यासमोर समासात ते कोणत्या जातीवरून, कुठल्या ठिकाणच्या नमुन्यावरून आलंय ते पेन्सिलीने लिहा. जिथे समास कोरा राहील ती वाक्यं आपण दोघं मिळून पाहू.